चोयबेकला लागणारा वेळ

चोयबेकने आयुष्यात एकच काम नीट केलं. तेही उभ्या उभ्या, हात खिशात घालून.

आमच्याकडे मयताची नमाज झाली की मोल्दो, म्हणजे गावचा मुल्ला, लोकांकडे वळतो आणि विचारतो, "लोकहो, हा माणूस कसा होता?" लोकांनी म्हणायचं, "चांगला माणूस होता." मग मयत उचलायचं. माणूस कसाही असो, उत्तर हेच. अडचण एवढीच, की पहिलं कोण बोलणार? जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. एकाने तोंड उघडलं की बाकीचे मागोमाग बोलतात, एक मेंढी ओढ्यात उतरली की कळप उतरतो तसे. आमच्या कोक-जार गावात ही पहिली मेंढी म्हणजे चोयबेक.

मी आणि तो कुर्दाश, म्हणजे एकाच वर्षी जन्मलेले. कुर्दाशाने कुर्दाशाला वाटेल ते बोलावं आणि ऐकणाऱ्याने रागवू नये, अशी रीत आहे. मी त्याला जन्मभर आळशी, फुकट्या, हाडचाट्या म्हणत आलो. ते रीतीला धरून होतं आणि खरंही होतं.

आम्ही दोघं तरुणपणी कालव्याच्या कामावर एकाच टोळीत लागलो. जमीन सगळी गोट्यांची. पहारीने उचकटायची, फावड्याने ओढायची, डोक्याच्या वर फेकायची. फेकलेलं परत अंगावर घरंगळू नये म्हणून मनगटाला झटका द्यावा लागतो. तो झटका मी त्याला शिकवून शिकवून थकलो. काम करणाऱ्या माणसाच्या फावड्याचा दांडा मधोमध गुळगुळीत होतो, जिथे हात सरकतो तिथे. चोयबेकच्या फावड्याचा दांडा वरच्या टोकाला गुळगुळीत झाला होता. तिथे तो हनुवटी टेकायचा.

शेवटी मुकादमाने त्याला टोळीतून काढून जेवणाची हाक मारायला ठेवलं. आवाज मात्र देवाने दिलेला. या टेकडीवरून "ज्जेवाऽऽ" म्हणाला की पलीकडच्या टेकडीवरची टोळीसुद्धा पहार टाकायची. पुढे तो गावच्या क्लबाचा राखणदार झाला. त्या क्लबात राखण्यासारखं काय होतं? एक तुटका पियानो आणि झेंड्याची काठी. बायको कालीच गायी सांभाळून घर चालवायची. मुलगी अनारकुल सुईण झाली आणि गावच्या दवाखान्यात लागली. चोयबेक मयतांना जायचा आणि मटण खाऊन यायचा.

एवढंच असतं तर मी त्याच्याबद्दल लिहायला बसलो नसतो.

एक गोष्ट आम्हाला हळूहळू कळली. इस्मायील घोडेचोर मेला तेव्हा मोल्दो इदिरिस विचारत होता, "लोकहो, हा माणूस क—" आणि तेवढ्यात चोयबेक बोलूनही गेला, "चांगला माणूस होता!" दार आपटावं तसा. मग शाळेतल्या म्हाताऱ्या बाई बातमा गेल्या. गावातल्या निम्म्या लोकांना अक्षर ओळखायला त्यांनी शिकवलं होतं. मोल्दोने विचारलं. चोयबेक गप्प. खाली जमिनीकडे बघतोय. वारा कालपाक टोप्यांच्या कडा हलवतोय. एक घोडं फुरफुरलं. कोणीतरी खोकलं. मग तो सावकाश म्हणाला, "चांगली बाई होती." त्या दिवशी लोकांनी मागोमाग जे उत्तर दिलं, ते घशातून आलं नाही, पोटातून आलं.

तेव्हापासून लोक कान देऊन ऐकू लागले. दारुड्यासाठी क्षणभर. बायकोला मारणाऱ्यासाठी तेवढंही नाही. ज्या मेंढपाळाने वादळात दुसऱ्याचा कळप वाचवला होता, त्याच्यासाठी इतका वेळ, की मोल्दोला वाटलं याला झोप लागली. शब्द सगळ्यांना तेच. फरक फक्त थांबण्यात. गावात कोणी हे मोठ्याने बोललं नाही, पण म्हातारी माणसं त्याला घरी बोलवायला लागली. "चोयबेक, ये रे, सूप गरम आहे. माझ्या वेळी जरा दम धरशील ना?" आणि तो बेशरम जाऊन बसायचा, बोटं चाटून यायचा.

दुकानदार सापारने तर अंथरूण धरल्यावर त्याला मेंढीची आख्खी मांडी पाठवली. हा सापार साखरेवर पाणी शिंपडून, वजन वाढवून विकायचा. चोयबेकने मांडी खाल्ली, हाड फोडून मगजही चोखला, आणि सापारच्या मयतीला मोल्दोचं वाक्य संपता संपता उत्तर ठोकलं. खाल्ल्या मिठाला जागला नाही. त्याबद्दल मी त्याला शिव्या घातल्या.

"तू हे मुद्दाम करतोस का रे?" मी विचारलं.

"मुद्दाम काय त्यात?" तो म्हणाला. "मी आठवून बघतो. ज्याचं काही आठवतं त्याला वेळ लागतो. ज्याचं काहीच आठवत नाही, तिथे उगाच उभं कशाला राहायचं? पाय दुखतात."

या माणसाला आयुष्यात भीती एकाच गोष्टीची होती. एकदा तो तापाने पडलेला असताना गावात एक फिरस्ता कल्हईवाला मेला. परका माणूस. मोल्दोने विचारलं, परत विचारलं, कोणीच पहिलं बोललं नाही. मग तसंच उचललं. चोयबेकला मी जाऊन सांगितलं तर तो अंथरुणात उठून बसला. "तसंच? काहीच न बोलता?" कालीच सांगत होती, त्या दिवशी त्याने बोर्सोकच्या तळलेल्या गोळ्यांनाही हात लावला नाही. त्यानंतर तो मला सारखा विचारायचा, "माझ्या वेळी कोण रे पहिलं बोलणार? तू बोलशील ना, कुर्दाश?"

"बोलेन की," मी म्हणायचो. "मोल्दो वळायच्या आधीच ओरडेन. इस्मायीलपेक्षा लवकर."

तो हसायचा. पण पुन्हा विचारायचा.

मग शेरगाझी मेला.

शेरगाझी आमच्याच गावचा. पोरवयात गाव सोडलं, राजधानीत गेला, चढत चढत मंत्री झाला. गाव त्याला निवडणुकीला आठवायचं. आम्ही खणलेला कालवा सरकार बदललं तेव्हा अर्धवट पडला होता. शेरगाझीने तो 'पूर्ण' केला, म्हणजे गावाजवळच्या भागाला सिमेंट फासलं आणि वर नदीपाशी जिथे बंधारा बांधायचा होता तिथे काहीच केलं नाही. उद्घाटनाला टँकर आणून कालव्यात पाणी सोडलं. तो सूट घालून आला, फोटोसाठी एक फावडं हातात घेतलं. पातं उलटं धरलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाणी वाहिलं, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी तिथे चिखल होता. तिसऱ्या दिवशी धूळ. वर्तमानपत्रांनी त्याला 'पाण्याचा पिता' म्हटलं आणि ते नाव त्याला चिकटलं. आमच्या बायका अजून गाढवावर दुधाच्या किटल्या लादून नदीवरून पाणी आणतात.

तर हा पिता जन्मगावी पुरायचा, सरकारी इतमामाने, असं ठरलं. जिल्ह्याचा अकिम, म्हणजे मुख्य अधिकारी, तालाय, राजधानीतून नेमलेला तरुण साहेब, दोन गाड्या घेऊन आला. रस्त्यावर मुरूम पडला. क्लबाला रंग लागला. मग अकिमने गावातल्या सगळ्या पुरुषांना क्लबात जमवलं.

"टीव्हीवर थेट दिसणार आहे," तो म्हणाला. "राजधानीतले पाहुणे येणार. मोल्दो विचारेल तेव्हा उत्तर एका आवाजात यायला हवं. एकदा करून बघू. मोल्दोके, विचारा."

मोल्दो इदिरिसने इकडेतिकडे पाहिलं. "साहेब, मयत कुठे आहे?"

"समजा आहे."

"समजून कसं विचारू? हे पाप आहे."

"विचारा हो!"

मोल्दोने पियानोकडे बघून विचारलं, "लोकहो, हा माणूस कसा होता?"

कोणी बोललं नाही. मागच्या बाकावरून सुयुनबाय, आमच्यातला सगळ्यात वयस्कर, म्हणाला, "घसे कोरडे आहेत, बेटा. पाणी नाही ना गावात."

क्लब हसला. अकिम लाल झाला. त्याने कोणालातरी विचारलं असणार, कारण तिथून तो सरळ चोयबेकच्या घरी आला. मी तिथे चहा पीत होतो. मला कोणी ऊठ म्हटलं नाही म्हणून बसून राहिलो.

"बायके," अकिम म्हणाला, मोठ्या भावाला म्हणतात तसं, गोड. "तुमच्या आवाजाबद्दल ऐकलंय. तुम्ही सुरुवात केली की गाव बोलतं म्हणतात."

"कधी कधी," चोयबेक म्हणाला.

"तुमची मुलगी आपल्या दवाखान्यात सुईण आहे. छोट्या गावातले दवाखाने बंद करायचे असा हुकूम आलाय. कोणता ठेवायचा, कोणता नाही, ते माझ्या हातात आहे. कोक-जारचा राहावा असं मला वाटतं."

कालीचने चहाची वाटी भरली आणि काठोकाठ भरली. आमच्याकडे पाहुण्याला वाटी अर्धीच देतात, पुन्हा पुन्हा भरता यावी म्हणून. काठोकाठ भरली की अर्थ, पी आणि चालू लाग. अकिमला ते कळलं नाही. तो म्हणाला, "वा, किती मोठ्या मनाची माणसं!" आणि सगळी प्यायला.

तो गेला आणि सुयुनबाय आला. त्याला गाडी दिसली होती.

"चोयबेक," म्हातारा दारातूनच म्हणाला, "आम्ही ठरवलंय. शेरगाझीला कोणी बोलणार नाही. जसा कल्हईवाला गेला तसा जाईल. मंत्री असला तरी खड्डा तेवढाच असतो."

"मी बोललो तर?"

"बोल. तोंड तुझं आहे. पण मग तुझ्या वेळी सगळं गाव दगडासारखं उभं राहील. तुझा हा कुर्दाशसुद्धा. हो की नाही रे?"

मी हो म्हणालो. म्हातारा विचारतोय, नाही कसं म्हणणार? आणि मला शेरगाझीचा राग होता. त्या कालव्यात माझ्या पाठीचे मणके आहेत.

अनारकुल कामावरून आली, आईकडून सगळं ऐकलं, हात धुतले, बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दवाखाना गेला तर जाऊ दे, आता. मी दुसरीकडे बघेन." बापाला आमच्याकडे 'आता' म्हणतात. "तू तुझं बघ."

"माझं काय," तो म्हणाला. "मी तर काय, मरणारच." पण त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तेव्हा मला त्याची जराही दया आली नाही. जन्मभर तोंडावर जगलास, आता तोंडाची किंमत मोज, असं मला वाटलं.

मयतीच्या सकाळी अंघोळ घालायला पाणी हवं होतं. पाण्याच्या पित्याला अंघोळ. मी आणि आणखी तिघे गाढवं घेऊन नदीवर गेलो. चढावर एक गाढव बसलं. किटली कलंडली. परत खाली जाऊन भरली. घाम निघाला. शेरगाझीने त्याच्या सगळ्या जन्मात या गावासाठी एवढं पाणी आणलं नव्हतं, जेवढं आम्ही त्याच्यासाठी आणलं.

शेरगाझीच्या जुन्या घराच्या अंगणात मयताचा तंबू उभारला होता. तंबूकडे येणाऱ्या पुरुषाने दुरूनच मोठ्याने रडत यायचं, "हाय रे माझ्या आधारा!" अशी रीत. राजधानीचे पाहुणे काळे चष्मे लावून, फुलांची चक्रं धरून, गुपचूप चालत आले. एकाला कोणीतरी कानात सांगितलं तेव्हा तो रडायला लागला, पण चुकून शेजारच्या घराच्या तंबूसमोर. तिथे लोकर वाळत घातली होती.

मग भाषणं. कबरस्तानाच्या माळावर माईक लावला होता. एक गृहस्थ कागदावरून वाचत होते, "त्यांनी तहानलेल्या मातीला पाणी दिलं." पान उलटताना त्यांनी बाटलीतून घोट घेतला. दुसऱ्याने सांगितलं की त्यांनी देशासाठी झोप सोडली. तिसऱ्याने सांगितलं की ते स्वतः फावडं हातात घेत. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या टोळीतल्या जुन्या गड्याने हळूच विचारलं, "कोणत्या बाजूने?" मी त्याचा पाय दाबला.

ऊन चढलं. नमाज झाली. मोल्दो इदिरिस वळला. कॅमेरेवाला पुढे सरकला. अकिम चोयबेककडे बघत होता. सुयुनबायही चोयबेककडे बघत होता. सगळं गाव त्याच्याचकडे बघत होतं. चोयबेक पहिल्या रांगेत उभा, आज हात खिशात नव्हते. ओठ हलत होते. मला वाटलं हा आता चक्कर येऊन पडणार, आणि तेच याला शोभेल.

मोल्दोने श्वास घेतला. तोंड उघडलं.

"चांगला माणूस होता!"

चोयबेक. मोल्दोचा एक शब्दही अजून बाहेर पडला नव्हता.

मोल्दो दचकला. दाढी सावरली. रीत ती रीत, विचारायलाच हवं. "लोक—"

"चांगला होता!"

"अरे थांब ना," मोल्दो पुटपुटला. माईकमधून ते माळभर ऐकू गेलं. "लोकहो, हा मा—"

"चांगला!"

कबरीपाशी हसणं म्हणजे मोठं पाप. सुयुनबायने कालपाक काढून तोंडावर दाबला. माझ्या शेजाऱ्याने बाही दातात धरली. एवढा लवकर तर चोयबेक घोडेचोरालाही बोलला नव्हता. रांगाच्या रांगा खांदे गदगदवत, माना खाली घालून उभ्या. कोणाच्या तरी डोळ्यांतून पाणी आलं. मागून एक कण्हल्यासारखा आवाज आला, तो दाबलेल्या हसण्याचा होता. माझ्या बरगड्या पुढचे कित्येक दिवस दुखत होत्या.

त्या संध्याकाळी टीव्हीने सांगितलं की आपल्या लाडक्या सुपुत्राला निरोप देताना कोक-जारच्या गावकऱ्यांना हुंदके आवरले नाहीत. एका साध्या वृद्धाला तर इतका शोक अनावर झाला, की त्याने प्रश्नाचीही वाट पाहिली नाही. अकिमने सगळ्यांसमोर चोयबेकला मिठी मारली. दवाखाना राहिला. वर फक्त पाटी बदलली. आता तो शेरगाझीच्या नावाचा दवाखाना आहे, आणि अनारकुल तिथे बाळंतपणं करते, गाढवावरून आलेल्या पाण्याने.

परत येताना सुयुनबायने चोयबेकला गाठलं. मला वाटलं आता होणार काहीतरी. म्हातारा म्हणाला, "मेल्या, मोल्दोला निदान तोंड तरी उघडू द्यायचंस. माझ्या वयाचा विचार केला नाहीस. पोट फुटून तिथेच गेलो असतो, एका खड्ड्यात दोघं!"

मी त्याला वाटेत विचारलं, "ठरवून आला होतास?"

"नाही रे," तो म्हणाला. "घरापासून आठवत आलो. म्हटलं काही सापडलं तर थांबेन, मग गाव काय करायचं ते करो. भाषणं चालली होती तेव्हाही शोधत होतो. एक पोळी कोणाला दिलेली, एक शिवीसुद्धा मनापासून दिलेली, काही नाही. मोल्दो वळायच्या आधीच माझं शोधून झालं होतं."

"म्हणून एवढी घाई?"

"पाय दुखत होते," तो म्हणाला.

पुढच्या वसंतात चोयबेक गेला. छातीत दुखलं, कालीचने वाटी भरायच्या आत संपलं. मरतानाही कष्ट घेतले नाहीत.

त्याची कबर आम्ही टोळीतल्या उरलेल्यांनी खणली. त्या माळाचे गोटे कालव्याच्या गोट्यांचेच भाऊ आहेत. आत बाजूला कोनाडा खणायचा असतो, मयत ठेवायला. तिथे गुडघ्यांवर बसून काम करावं लागतं, पाठ सरळ होत नाही. मी तो स्वतः खणला. भिंती नीट कापल्या, छत कमानीत घेतलं. याने जन्मात एक खड्डा नीट खणला नव्हता, याला खड्डा मात्र चांगला मिळाला. तसं मी म्हणालोही, आतूनच. वर कोणी हसलं नाही.

नमाज झाली. मोल्दो इदिरिस वळला. "लोकहो, हा माणूस कसा होता?"

मी तयार होतो. मोल्दो वळायच्या आधीच ओरडेन असं कबूल केलं होतं. वळला तरी मी ओरडलो नव्हतो. हरकत नाही, म्हटलं, आता ओरडतो. पण शब्द बाहेर काढायच्या आधी मला दांड्यावर टेकलेली हनुवटी दिसली. मग टेकडीवरून येणारी जेवणाची हाक, जिच्यामुळे माझी पाठ कितीदा सरळ झाली होती. सापारची मांडी. माईकसमोर दचकलेला मोल्दो. तापात उठून बसलेला हा. एकातून एक निघत गेलं. लोक शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते, खाली बघत होते. नदीच्या बाजूने वारा आला. एक गाढव ओरडलं, थांबलं.

मोल्दोने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तोही वाट बघत उभा होता.

"चांगला माणूस होता," मी म्हणालो. माझा आवाज तो काय. मागच्यांना ऐकू गेला नाही, कोणीतरी "काय म्हणाला?" असं विचारलं, आणि मला पुन्हा सांगावं लागलं. मग गाव बोललं.

माती लोटायला त्याच्या घरून ते कालव्यावरचं फावडं आलं होतं. मी ते घेतलं. दांड्याचं टोक आरशासारखं गुळगुळीत होतं. पातं एवढ्या वर्षांनीही कोरं, धार लावलेली तशीच. चांगलं हत्यार, कधी न वापरलेलं. मी त्यानेच माती लोटली. पहिल्यांदाच ते कामाला लागलं.